नवीन कंपनीत बुजल्यासारखं वाटतंय? आधी चार्ज नीट घे

भावा, शिरोलीत सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) लागून दोन आठवडे झाले, तरी विचारायची भीती वाटते म्हणालास. ही भीती बहुतेक वेळा अर्धवट चार्ज, म्हणजे आधीच्या शिफ्टवाल्याकडून मशीनची अर्धवट माहिती घेतल्यामुळे असते. शिफ्टच्या 15 मिनिटं आधी मशीनवर जा. आधीच्या ऑपरेटरला तीनच गोष्टी विचार: इन्सर्ट (टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा) किती पीस चाललंय, शेवटचा ऑफसेट (मापातली दुरुस्ती) कुठल्या टूलला दिला, कुठली साइज लिमिटच्या काठावर आहे. घरी जायच्या घाईत असला तरी एवढं सगळेच सांगतात. खिशातल्या वहीत लिहून ठेव, म्हणजे तेच परत विचारावं लागत नाही.

नवीन माणसाचा पीस वाया जातो तो जास्त करून ऑफसेटमध्ये. फानुक कंपनीच्या कंट्रोल पॅनेलवर 'इनपुट' दाबलं की जुना आकडा पुसून नवा बसतो, '+इनपुट'ने जुन्यात मिळवला जातो. बाहेरचा व्यास 0.02 मिमी जास्त आला, तर त्याच टूलच्या वेअरमध्ये (झिजेच्या दुरुस्तीच्या रकान्यात) एक्सला, म्हणजे व्यासाच्या अक्षाला, -0.02 टाकून '+इनपुट'च दाब. त्याआधी मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसून झिरो बघ. गरम पीस लगेच मोजू नकोस, माप मोठं दिसतं. पहिला पीस क्वालिटीवाल्याला दाखवल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, सुपरवायझर कितीही घाई करू दे.

आणि हो, पीएफचा जुना यूएएनच (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) एचआरला दे, नवीन काढू नकोस. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन एकटा बसू नकोस. सेटरशेजारी (मशीन सेट करून देणाऱ्याशेजारी) बस, काम तिथंच कळतं.