विमानांची डेटालिंक: जाळं सामायिक केलं की नेमकं काय सुधारतं?

ईटीसी_विमाननगर
शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. व्हीडीएल मोड २ चा (विमान आणि जमीन यांच्यातली व्हीएचएफ डेटा लिंक) वेग ३१.५ किलोबिट प्रति सेकंद आणि सीपीडीएलसीचा (कंट्रोलर आणि वैमानिक यांच्यातला लेखी संवाद) संदेश एवढासा. तरी युरोपात गर्दीमुळे कनेक्शन तुटायची म्हणतात, ते कसं? आणि सगळ्यांनी एकच ग्राउंड नेटवर्क वापरलं तर काय फरक पडतो? पुण्यात बसून यातलं काही मोजता येईल का? हाताशी आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीचा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप, एवढंच.

सेक्टर_टेबल
३१.५ वर जाऊ नका, तो वेग चॅनलवर एकटंच कुणी बोलत असेल तेव्हाचा. ही सीएसएमए पद्धत आहे: आधी ऐकायचं, चॅनल मोकळा वाटला तर बोलायचं. सगळी गोम त्या ‘वाटला’मध्ये. ३५,००० फुटांवरच्या विमानाला साधारण २३० नॉटिकल मैलांपर्यंतची, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरवरची स्टेशनं ऐकू येतात. जमिनीवरच्या दोन स्टेशनांना मात्र एकमेकांचा पत्ताच नसतो. दोघांना चॅनल मोकळा दिसतो, दोघं एकदम बोलतात आणि वर विमानात खिचडी होते. फ्रेम, म्हणजे संदेशाचा तुकडा, बाद; परत पाठवा. त्या परत पाठवण्याने चॅनल आणखी भरतो.

शिवाय तिथे एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) एकटं नाही. इंजिनाचे आकडे, हवामान, लोडशीट असा एअरलाइनचा सगळा पसाराही त्याच चॅनलवर. युरोपात सुरुवातीला सिटा आणि एरिंक या दोन्ही डेटालिंक कंपन्यांचा भार १३६.९७५ मेगाहर्ट्झवरच होता. टोकापासून टोकापर्यंतचा संपर्क सहा मिनिटं तुटला की एटीएनचं (युरोपातली सीपीडीएलसी ज्यावर चालते ते जाळं) सेशन पडतं, त्याला प्रोव्हायडर अबॉर्ट म्हणतात. मग नव्याने जोडणी होईपर्यंत कंट्रोलर पुन्हा आवाजावर. असं दोन-तीनदा झालं की तो सीपीडीएलसीला हातच लावत नाही, माझ्या मते खरा तोटा हाच. युरोपातला डेटालिंक सक्तीचा नियम २००९चा, ग्राउंडची मुदत २०१३ची होती. ती २०१८वर गेली, विमानांची २०२०वर.

आता सामायिक जाळं. दोन कंपन्यांची दोन जाळी म्हणजे एकाच विमानतळावर दोन अँटेना, एकच चॅनल आणि समन्वय शून्य. चॅनलचं नियोजन एका हाती आलं की १३६.९७५ वर फक्त ओळखपाळख ठेवता येते. मग ऑटोट्यूनने, म्हणजे जमिनीवरून चॅनल बदलायचा आदेश देऊन, विमानाला १३६.७२५, १३६.७७५, १३६.८२५ किंवा १३६.८७५ वर पाठवायचं. विमानतळावरची वर्दळ एकीकडे, वरच्या आकाशातली दुसरीकडे. बिघाड कुणाचा, हा वादही मिटतो. पण नुसतं कंत्राट एक केलं आणि चॅनल तोच ठेवला, तर टक्करही तीच.

बावन्न_सेंटिमीटर
मोजता येतं, आणि अडचण गच्चीवरूनच दिसते. पाव तरंगलांबीचा उभा अँटेना करा: ७५ भागिले १३६.९७५ म्हणजे सुमारे ५४.७ सेमी, त्यातून पाच टक्के वजा करून ५२. तेवढ्याच लांबीचे चार रेडियल (बुडाशी जोडलेल्या काड्या) ४५ अंश खाली वाकवा. वर सांगितलेले सगळे चॅनल २५० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आहेत, त्यामुळे सेकंदाला १०.५ लाख सॅम्पल घेतले की एकाच डोंगलमध्ये बसतात. सेंटर १३६.८५ ठेवा, नाहीतर मधला डीसीचा काटा (डोंगलचा स्वतःचा खोटा सिग्नल) नेमका एखाद्या चॅनलवर येतो.

पीपीएम (डोंगलची फ्रिक्वेन्सी दहा लाखांत किती चुकते ते) आधी जुळवून घ्या. २० पीपीएमची चूक इथे २.७ किलोहर्ट्झ होते, आणि १०,५०० सिम्बॉलच्या वेगाला ती प्रत्येक सिम्बॉलमागे ९० अंशांहून जास्त फेज सरकवते. डी८पीएसके या इथल्या मॉड्युलेशनचे टप्पे ४५ अंशांचे! डिकोडर प्रीअँबलवरून (सुरुवातीच्या ठरलेल्या नमुन्यावरून) थोडं सावरतो, सगळं नाही. एफएम स्टेशनांनी डोंगल बहिरा होत असेल तर एफएमचा पट्टा अडवणारा नॉच फिल्टर लावा, गेन उतरवा.

मुंबई विमानतळ इथून हवाई अंतराने सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण मध्ये सह्याद्री. तिथल्या स्टेशनची फ्रेम तुमच्यापर्यंत यायची नाही, विमानाचं उत्तर मात्र खणखणीत येईल. म्हणजे अर्धाच संवाद. जमिनीवरच्या प्रत्येक स्टेशनची हीच गत असते. त्याच विमानाची, त्याच क्रमांकाची आय-फ्रेम (मजकूर वाहणारी फ्रेम) काही सेकंदांत पुन्हा आली तर ती रीट्राय धरा. अशा रीट्रायचं दर तासाचं प्रमाण काढा आणि आलेखात त्या तासात दिसलेल्या विमानांच्या संख्येशेजारी मांडा.

ईटीसी_विमाननगर
मग त्यात चढा-उतरा असे एटीसीचे आदेशही दिसतील का?

सेक्टर_टेबल
ती आशा सोडा. आपल्याकडे सीपीडीएलसी मुख्यतः समुद्रावर, अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावर. तेही फॅन्स १/ए या जुन्या पद्धतीचं, बहुतेक उपग्रहावरून. युरोपातलं एटीएन वेगळं. फ्लाइट प्लॅनच्या रकाना १० मध्ये जे१ म्हणजे एटीएन, जे४ म्हणजे व्हीडीएल मोड २ वरचं फॅन्स. लोहगावचा, म्हणजे पुणे विमानतळाचा, टॉवर हवाई दलाचा, तिथलं काम आवाजावर. तुम्हाला दिसेल तो एअरलाइनचा मजकूर, त्यामुळे अहवालात फक्त आकडे द्या. मजकूर कुठेही टाकू नका.