कॉलेज ग्रीनचे बँक कारकून ‘चाकर’ होते का?

लिफीकाठी

मागच्या आठवड्यात ‘सडेतोड’ यांनी डब्लिनच्या प्रवासाविषयी लिहिताना एक वाक्य सहज लिहून टाकले. तिथल्या कॉलेज ग्रीन चौकातल्या बँक ऑफ आयर्लंडमध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या नावांचा फलक आहे, ‘पण ही सारी पगारासाठी इंग्रजांची चाकरी करणारी माणसे, त्यांच्यापुढे आपण कशाला थांबायचे?’ असे ते म्हणतात. मी सोळा वर्षे या शहरात राहतो आहे आणि ते वाक्य वाचल्यापासून अस्वस्थ आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये सैन्यातल्या सक्तीच्या भरतीचा कायदा झाला तेव्हा आयर्लंड त्यातून वगळले होते. एप्रिल १९१८ मध्ये तो इथे लादण्याचा प्रयत्न झाला, त्याविरुद्ध देशभर संप झाला आणि सक्ती शेवटपर्यंत अमलात आली नाही. म्हणजे इथला प्रत्येक कारकून आपल्या हाताने सही करून गेला. पगारासाठी म्हणावे, तर साध्या शिपायाचा मूळ पगार होता दिवसाला एक शिलिंग. ज्याच्याकडे पेन्शनीची नोकरी आहे, तो एका शिलिंगासाठी टेबल सोडत नाही.

डब्लिनच्या रग्बी क्लबांतून रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स या ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश पलटणीच्या सातव्या बटालियनची ‘डी’ कंपनी उभी राहिली. फ्रँक ब्राउनिंग या रग्बी संघटनेच्या अध्यक्षांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. वकील, डॉक्टर, बँकांचे आणि विमा कंपन्यांचे कारकून त्यात साधे शिपाई म्हणून गेले. ७ ऑगस्ट १९१५ ला ही माणसे तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत सुव्ला उपसागराच्या किनाऱ्यावर उतरली. आठवड्याभराने किरेच टेपेच्या डोंगरधारेवर त्यांच्याकडचे हातबॉम्ब संपले आणि ते दगड फेकून लढू लागले. त्यांच्यातल्या एकाने तुर्कांचे येणारे बॉम्ब हवेतच झेलून परत फेकायला सुरुवात केली. त्याने पाच परतवले, सहावा त्याच्या हातात फुटला. याला चाकरी म्हणताना आपली लेखणी अडखळली नाही का?

आणि एडमंड डी विंड. काउंटी डाउनमधल्या कोंबरचा हा मुलगा बँक ऑफ आयर्लंडच्या कॅव्हन शाखेत कारकून होता, मग कॅनडात एडमंटनला जाऊन तिथल्याही बँकेत लागला. युद्ध सुरू होताच तो कॅनडाच्या सैन्यात शिपाई झाला आणि पुढे रॉयल आयरिश रायफल्समध्ये अधिकारी. २१ मार्च १९१८ ला सेंट क्वांटँजवळच्या रेसकोर्स रिडाउट या मोर्च्यावर तो दोनदा जखमी होऊनही सात तास टिकून राहिला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर कुठेच नाही. पोझिएरच्या स्मारकावर नाव आहे, तेवढेच.

सडेतोड

एका शिलिंगाचा हिशोब मान्य. ‘पगारासाठी’ हा शब्द माझ्याकडून घाईने गेला. परंतु शौर्याच्या कथा सांगितल्या म्हणजे मूळ प्रश्न मिटतो, असे समजू नये. तो गणवेश कोणाचा होता, एवढेच मी विचारतो आहे. पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर टिपेररीचाच. जालियनवाला बागेनंतर डायरची पाठराखण करणाऱ्या त्या माणसाची आठवण ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी या फलकासमोर उभे राहून काय म्हणायचे?

उलट १९२० च्या जूनमध्ये जालंधरला ब्रिटिश सैन्यातल्या कॅनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीच्या शिपायांनी आयर्लंडमधल्या अत्याचारांच्या निषेधार्थ बंदुका खाली ठेवल्या. हे बंड पुढे सोलनच्या तुकडीत पोहोचले आणि तिथल्या जेम्स डेलीला २ नोव्हेंबरला दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. माझे मस्तक झुकते ते त्याच्यापुढे. आणि कारकूनच हवा असेल, तर आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी मायकेल कॉलिन्स हाही लंडनच्या पोस्टाच्या बचत बँकेत कारकून होता. १९१६ च्या जानेवारीत, इंग्लंडमध्ये सक्तीची भरती येत असताना, तो डब्लिनला परतला. त्यालाही टेबल होते. त्याने दुसरा रस्ता धरला.

लिफीकाठी

कॉलिन्सचे नाव काढलेत ते बरे झाले. ‘डी’ कंपनी १९१५ च्या एप्रिलअखेर ज्या रॉयल बराकीतून बंदराकडे निघाली, त्या बराकीला पुढे त्याचेच नाव मिळाले. ओड्वायरचे पाप कॅव्हनच्या कारकुनाच्या खात्यावर नावे टाकणे मात्र मला मान्य नाही. सप्टेंबर १९१४ मध्ये आयर्लंडला स्वराज्य देणारा होमरूलचा कायदा झाला, युद्ध संपेपर्यंत तो स्थगित ठेवला आणि दोनच दिवसांनी आयरिश राष्ट्रवादी नेते जॉन रेडमंड यांनी वुडनब्रिजला तरुणांना जिथे लढाई असेल तिथे जाण्याचे आवाहन केले. या मार्गानेच स्वराज्य येईल असे मानून गेलेल्यांची फसवणूक झाली. फसवले जाणे आणि चाकर असणे यांत फरक करण्याइतकी मराठी आपल्याला येते.

निवृत्त रोखपाल

दोघांच्याही भांडणात एक गोष्ट सुटते आहे, ती म्हणजे परत आलेल्यांचे काय झाले. माझे वडील एका बँकेत कारकून होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर ते इमर्जन्सी कमिशन घेऊन लष्करात गेले. पाच वर्षांनी परतले तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा त्यांच्या वरच्या खुर्चीत बसला होता. ज्येष्ठतेच्या यादीतले आपले नाव ते बोटाने शोधत होते, ते वरून खाली येणारे बोट मला अजून दिसते. बँकेने जागा राखली होती, पण क्रम राखला नव्हता. आयर्लंडच्या बँकांत तर ठरावीक पगार होईपर्यंत कारकुनाला लग्नाचीही मुभा नसे. चार वर्षे खंदकात काढलेल्या माणसाचे लग्नही तितकेच पुढे गेले असणार. युद्ध संपता संपता तिथल्या बँक कर्मचाऱ्यांनी संघटना बांधली, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. ज्येष्ठतेचा हा अन्याय जगभर सारखा आहे.

गॉलवेकर

रोखपालकाका, आपल्या वडिलांविषयी आदर ठेवून विचारते. ती चार वर्षे खतावणी कोण लिहीत होते? युद्धाच्या काळात बँकांनी मुलींना तात्पुरते घेतले. दिवसाअखेर एका पेनीचा फरक राहिला, तर तो सापडेपर्यंत त्याही बसत असतील ना? पुरुष परतल्यावर ‘तात्पुरते’ या शब्दाचा अर्थ त्यांना समजला. पुढे ज्या राहिल्या, त्यांना लग्न होताच राजीनामा द्यावा लागे. सरकारी नोकरीतली ही अट तर १९७३ मध्ये उठली. माझ्या घरमालकीणबाईंनी अशीच एका बँकेतली नोकरी साखरपुड्यानंतर सोडली, आणि त्या आजही रद्दीच्या पैशांचे आकडे तोंडी जुळवतात. पुरुषाला लग्नासाठी पगाराची वाट पाहावी लागली, तर बाईला लग्न केल्याबद्दल पगार गमवावा लागला. यातला कोणता अन्याय मोठा?

निवृत्त रोखपाल

सुव्लाला दगड फेकून लढलेल्या माणसाची तुलना खुर्चीत बसून आकडे लिहिण्याशी करणे मला सहन होत नाही. माझ्या वडिलांची जागा कोणीतरी चालवली म्हणून ती त्याची झाली नाही.

गॉलवेकर

मी तुलना मरणाची केली नाही, कामाची केली. मरण आले नाही म्हणून काम हलके ठरत नाही. आपणच आयुष्यभर खुर्चीत बसून रोख मोजलीत, काका. त्या कामाला हलके म्हणताना आपल्याला वाईट वाटायला हवे.

निवृत्त रोखपाल

हे शेवटचे वाक्य मला लागले. त्या मुलींना निदान अनुभवाचा दाखला आणि पुढच्या भरतीत पहिला हक्क मिळायला हवा होता, एवढे कबूल करतो. ज्येष्ठतेविषयीचे माझे म्हणणे कायम आहे.

सडेतोड

चर्चा बँकेच्या आस्थापना विभागात पोहोचली आहे, ती परत आणतो. ब्रिटिश सत्तेने आपल्या सैनिकांचे स्मारक उभारावे, हे समजू शकतो. स्वतंत्र देशाने ते का जपावे, हा माझा प्रश्न उरतोच.

लिफीकाठी

त्या देशाने ते किती जपले ते पाहा. १९२४ च्या ११ नोव्हेंबरला याच कॉलेज ग्रीनमध्ये, बँकेच्या दारासमोर, युद्धात लढलेल्या सोळाव्या आयरिश डिव्हिजनचा स्मारक-क्रॉस उभा केला होता आणि चौक माणसांनी भरला होता. दोन वर्षांनी तो मेळावा शहराच्या मध्यातून हलवून फिनिक्स पार्कात नेला. डब्लिनमधल्या आयलंडब्रिजच्या युद्धस्मारक उद्यानाचा आराखडा नवी दिल्लीच्या इंडिया गेटवाल्या लट्येन्सचाच. ब्रिटिश सैन्यातून परतलेल्या आणि आयरिश सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसांनी ते १९३० च्या दशकात हातांनी खोदून बांधले. त्याचे रीतसर समर्पण व्हायला १९८८ उजाडले.

माझ्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या आजोबांची पदके जिन्याखाली बिस्किटांच्या डब्यात होती. आजोबा बँकेत होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. ते युद्धावर गेले होते, हे नातवाला डबा उघडल्यावर कळले. त्याने मला ती पदके दाखवली तेव्हा फितींचे रंग एकमेकांत उतरलेले होते. सडेतोड, या घराला आपण ‘चाकराचे घर’ म्हणणार का?

सडेतोड

नाही म्हणणार. ‘चाकर’ हा शब्द मी मागे घेतो आणि मूळ लेखात तशी दुरुस्ती करतो. त्यांना देशभक्त मात्र मी म्हणणार नाही, आणि मी तसे म्हणावे असा आग्रह आपण धरू नये.

लिफीकाठी

धरत नाही. पुन्हा डब्लिनला आलात, तर त्या फलकापर्यंत मी आपल्याबरोबर येईन. नावे आपण वाचा.