नातवाला अमेरिकेत कामाची परवानगी कशी मिळेल?

प्रश्न (आर्वी तालुका, वर्धा): माझी मुलगी के-1 व्हिसावर (अमेरिकन नागरिकाशी लग्न ठरलेल्यांचा) व 16 वर्षांचा नातू के-2 व्हिसावर (त्यांच्या मुलांचा) अमेरिकेला गेले. लग्न झाले, दोघांचा ग्रीन कार्डाचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज दाखल आहे. नातवाला सुटीत दुकानात काम करायचे आहे. सावत्र वडीलही मनापासून साथ देतात. फोनवर मात्र तो पऱ्हाटी (कपाशी) कितीशी वाढली एवढेच विचारतो आणि गप्प होतो. काय करावे?

उत्तर 1: काका, ग्रीन कार्डाचा अर्ज, म्हणजे आय-485, प्रलंबित असताना कामाच्या परवानगीसाठी आय-765 हा वेगळा अर्ज भरावा लागतो आणि त्यातच सोशल सिक्युरिटी क्रमांकही (नोकरी व करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) मागता येतो. परवानगीचे कार्ड हाती येईपर्यंत पगारी काम मुळीच करू देऊ नका. ग्रीन कार्ड मिळाल्यावर वेगळी परवानगी लागत नाही. 18 वर्षांखालील मुलांना धोक्याची कामे तिथल्या केंद्रीय कायद्याने वर्ज्य आहेत. राज्याचे नियमही पाहावेत.

उत्तर 2: आजोबा, मी शिक्षिका आहे. शाळेच्या समुपदेशकाला तो नवा आल्याचे सांगावे, म्हणजे इंग्रजीचा जादा वर्ग मिळेल. त्याच्या वऱ्हाडी बोलीला घरात जागा असू द्या. पऱ्हाटीचे फोटो दर आठवड्याला नक्की पाठवा.