विषाणुनाशक की विषाणुरोधक?

अर्धविराम: डुकरांमधल्या करोनाविषाणूंवर वनस्पतींमधली द्रव्यं कशी काम करतात, यावरचा एक लेख मराठीत आणतेय. 'अँटीव्हायरल'ला सगळीकडे 'विषाणूनाशक' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी लाल शाईने एकूणएक 'नाशक' खोडून 'रोधक' केलं. कीटकनाशक, तणनाशक चालतं, मग हेच का खटकावं?

शेवाळ: कारण त्यातली बहुतेक द्रव्यं विषाणूला मारत नाहीत, वाट अडवतात. पीईडीव्ही घ्या, डुकरांत साथीची हगवण पसरवणारा करोनाविषाणू. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन घातलं, की त्याला पेशीत शिरणं आणि आत स्वतःच्या प्रती काढणं, दोन्ही जड जातं. विषाणू मेला का? नाही, अडला. म्हणून रोधक.

पण 'नाशक' सरसकट खोडू नका. टीजीईव्ही हा डुकरांचाच दुसरा करोनाविषाणू. हळदीतल्या कर्क्युमिनबरोबर तो पेशींत सोडण्याआधीच काही वेळ ठेवला, तरी त्याची बाधा करायची ताकद घटते. तिथे 'नाशक' शोभतं. शेड धुवायच्या औषधालाही तेच.

बोरू: तुमच्या प्रश्नातलं 'विषाणूनाशक' आधी दुरुस्त करा! एकटा असताना 'विषाणू', समासात पहिला शब्द म्हणून आला की णु ऱ्हस्व: विषाणुनाशक, विषाणुरोधक.

विषयांतर होतंय, पण 'ज्येष्ठमधा'चा 'ज्येष्ठ'शी काही संबंध नाही. मूळ शब्द यष्टिमधु, गोड काठी. आणि ग्लिसिरायझिनच्या नावातलं ग्रीकही 'गोड मूळ' असंच सांगतं. दोघांनीही आधी चघळून पाहिलं असणार.

अर्धविराम: ऱ्हस्वाचं मान्य. अर्क, सत्त्व, संयुग हे मात्र मी आलटूनपालटून वापरलेत. पुनरुक्ती टाळायला.

शेवाळ: होऊ दे पुनरुक्ती. अर्कात असंख्य पदार्थ एकत्र असतात. संयुग म्हणजे ठरलेल्या रचनेचा एकच पदार्थ. ज्येष्ठमधाचा अर्क आणि ग्लिसिरायझिन एकच धरलं, तर कशाने काय झालं ते वाचणाऱ्याला कळणार कसं? 'सत्त्व' तर काढूनच टाका, त्यात दोन्ही मावतं.

'उपचार' हा शब्दही जपून वापरा. पीईडीव्हीची लागण झालेलं आठवड्याच्या आतलं पिल्लू पाहिलंय? लहान आतड्यातले बोटांसारखे अंकुर झिजून आखूड झालेले असतात. प्यायलेलं दूध अंगी लागत नाही, पाण्यासारखं बाहेर पडतं, आणि पिल्लू शरीर कोरडं पडून जातं. काचेच्या बशीतल्या पेशींवर जे जमलं ते या आतड्यात जमेलच असं नाही. तिथवर पोचेपर्यंत औषध पोटात टिकलं पाहिजे, पुरेशा मात्रेत उरलं पाहिजे. डुकरांना देऊन गुण आल्याचं दाखवलं असेल तिथेच उपचार म्हणा. बाकी ठिकाणी 'विषाणुरोधक क्रिया'.

अर्धविराम: बाप रे. माझं शीर्षक होतं 'ज्येष्ठमधाचा रामबाण उपचार'. तिन्ही शब्द गेले.