मदत हवी आहे: लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’वरून फोटो, कडेची माणसं रुंद, उजवी बाजू काळी

मिती:
लिओनार्दो दा विंचीच्या ‘शेवटच्या भोजना’वरून (येशू आणि त्याचे बारा शिष्य एका टेबलाशी, असं भित्तिचित्र) तेरा जणांचा फोटो करायचा आहे. कपडे आजचे, मांडणी मूळ चित्रातली. चाचणीची सेटिंग्ज: फुल फ्रेम, २४ मिमी लेन्स, कॅमेऱ्यापासून टेबलाचं अंतर ५ मीटर, एफ २.८, १/४० सेकंद, आयएसओ ४००. टेबल ५ मीटर लांब. त्याच्या डाव्या टोकापासून २ मीटरवर एलईडीचा सॉफ्टबॉक्स (उजेड पसरवून मऊ करणारा दिवा).
टोकांच्या माणसांची डोकी आडवी ताणली जातात, उजवीकडचे तिघे काळोखात जातात, हात अस्पष्ट येतात आणि तेरा जण टेबलाशी मावत नाहीत. कॅमेरा ७ मीटरपर्यंत मागे नेता येईल. जाणकारांनी सांगावं.

तिपाई:
आधी लेन्स. २४ मिमीला कडेची गोल वस्तू ताणली जाणारच, डोकंही गोलच. तो लेन्सचा दोष नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरमधल्या डिस्टॉर्शन दुरुस्तीने जाणार नाही. ७ मीटरवरून ३५ मिमी लावा, साधारण ७ मीटर रुंदी मिळेल. लिओनार्दोनेही कडेच्या शिष्यांना ताणलेलं नाही. खोली त्याने यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) नियमाने काढली. माणसं मात्र प्रत्येकी समोरून बघितल्यासारखी आहेत.

सगळ्या रेषा येशूच्या डोक्याशी, कानशिलापाशी मिळतात. म्हणून कॅमेरा टेबलाच्या बरोबर मध्यावर, लेन्स बसलेल्या येशूच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे १२० सेंमीच्या आसपास. वर-खाली अजिबात कलवू नका, नाहीतर मागच्या भिंतींच्या उभ्या कडा तिरक्या होतील. मूळ चित्र ४६० × ८८० सेंमी आहे. ६००० पिक्सेल रुंदीला उंची साधारण ३१४० ठेवा.

मावण्याचं म्हणाल, तर मूळ चित्रातही सगळे एकदम खाली बसले तर मावणार नाहीत. माणशी ६० सेंमी धरले तरी ७.८ मीटर लागतात. म्हणून शिष्यांपैकी बर्थलमय आणि फिलिप उभे ठेवा, थोमा थोरल्या याकोबाच्या मागून डोकावू द्या, पेत्र अर्धवट उठून पुढे झुकलेला. मागची रांग पुढच्या खुर्च्यांपासून ४० सेंमीवर पुरे.

हात अस्पष्ट येतात ते फोकसमुळे नाही. २४ मिमी, एफ २.८ आणि ५ मीटर फोकस असताना ३ मीटरपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं स्वच्छ यायला हवं. १/४० ला हात हलतात, इतकंच. शिवाय एफ २.८ सारख्या मोठ्या छिद्राला वाइड लेन्सचे कोपरे अस्पष्ट असतात. एफ ८, १/१२५ ठेवा.

कवडसा:
उजेडाचं गणित असं: डावं टोक दिव्यापासून २ मीटर, उजवं ७ मीटर. अंतर साडेतीन पट, म्हणून उजेड बारा पटींनी कमी. साडेतीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक फोटोशॉपमध्ये उचलायला गेलात तर नुसता नॉइज येईल. दिवा डाव्या टोकापासून ३ मीटर डावीकडे आणि ३ मीटर पुढे, उंचावर ठेवा. फरक दोन स्टॉपवर येतो. मग सॉफ्टबॉक्सचं तोंड उजव्या टोकाच्या शिमोनकडे वळवा म्हणजे डावीकडच्यांना फक्त कडेचा उजेड मिळेल. उजवीकडे, फ्रेमबाहेर, उजेड परतवायला पांढरे थर्मोकोलचे ताव उभे करा. दिवा एकच ठेवा, दुसरा लावलात की टेबलावर दुहेरी सावल्या. मूळ चित्र मिलानमधल्या ज्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे, त्याच्या खिडक्याही डावीकडेच आहेत आणि चित्रातली उजवी भिंत त्या उजेडात उजळलेली आहे. हे जपलं नाही तर चित्र ओळखू येईल, पण खोली खोटी वाटेल.

तिपाई यांचं एफ ८, १/१२५ आणि दिवा लांब नेणं, दोन्ही मिळून जवळपास सात स्टॉप जातात. एलईडी पुरणार नाही, स्टुडिओ फ्लॅश लागेल.

मिती:
तेरा जण एका वेळी जमणं कठीण दिसतंय. तीन-तीनच्या गटांत काढून जोडले तर?

तिपाई:
तीन-तीनचे गट दिसायला सुटे आहेत, हात सुटे नाहीत. धाकट्या याकोबाचा हात अंद्रियाच्या मागून पेत्रापर्यंत जातो. उजवीकडे मत्तयचे पसरलेले हात मध्याकडे येतात, थोमाचं बोट येशूजवळ. तिथे जोड दिलात की बोटं तुटणार. स्वच्छ जागा एकच: योहान पेत्राकडे कलल्यामुळे त्याच्या आणि येशूच्या मध्ये पडलेला इंग्रजी व्हीसारखा मोकळा कोन. म्हणून दोनच भाग, डावीकडचे सहा आणि येशूसह उजवीकडचे सात. योहान आणि येशू दोन्ही वेळा जागेवर हवेत, कारण उजेड डावीकडून आहे आणि योहानाची सावली उजवीकडे पडते. फोकस, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल. मधल्या वेळात टेबलक्लॉथला कुणी हात लावायचा नाही. एक चुणी सरकली तरी जोड दिसतो.

कवडसा:
येशूला दगा देणाऱ्या यहूदाबद्दल कळकळीची विनंती. त्याला वेगळा वर्ण किंवा एखाद्या समाजाचा पोशाख देऊन ओळखू आणू नका. लिओनार्दोने ते बसण्यातून केलंय: मागे रेललेला, कोपर टेबलावर, मुठीत थैली, चेहरा सावलीत. आज पाकीट चालेल. बारकाव्यांसाठी चित्रकार जियामपिएत्रिनोची मानली जाणारी, १५२० च्या सुमाराची नक्कल बघा. ती लंडनच्या रॉयल अकादमीकडे आहे. तिच्यात सांडलेलं मीठ आणि येशूचे पाय दिसतात. मूळ चित्रातले पाय १६५२ मध्ये त्या भिंतीत नवं दार फोडताना गेले.

मिती:
१२० सेंमीवरून टेबलाचा वरचा भाग चिंचोळ्या पट्टीएवढाच दिसतोय. कॅमेरा वर घेऊ?

तिपाई:
नको, रेषा येशूच्या डोक्यावरून सरकतील. टेबल कलवा. ८० सेंमी खोलीच्या टेबलाचे मागचे पाय ८ सेंमी उचला, पृष्ठभाग अडीच पट दिसेल. ताटं दुहेरी टेपने चिकटवा. पेल्यांखाली पाचर द्या, नाहीतर सगळे पेले कॅमेऱ्याकडे झुकलेले दिसतील आणि आतलं पेय तेवढं सपाट राहील.