वाडा राहू दे, सुतार कुठून आणणार?

पेठकर
गेल्या महिन्यात आत्याचा वाडा उतरवला. मी बघायला गेलो होतो. माडीची तुळई काही केल्या सुटेना. दोन मजूर पहारी घालून थकले. मग जुनं लाकूड घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याबरोबरचे एक मिस्त्री पुढे झाले. त्यांनी खुंटीवरून बोट फिरवून तिचं बारीक टोक कुठल्या अंगाला आहे ते शोधलं आणि तिकडून दोन ठोके दिले. खुंटी बाहेर, तुळई मोकळी. अख्ख्या सांध्यात एकही खिळा नव्हता.

मिस्त्री सत्तरीचे. हाताखाली कोणी नाही.

वाड्यांसाठी गळे काढणारे खूप आहेत, मला ही विद्या जाण्याचं जास्त वाईट वाटतं. लाकडी सांगाड्याची खुबी अशी की तो तुकड्यातुकड्याने दुरुस्त होतो. खांब खाली कुजला तर हातभर कापायचा, नवा तुकडा सांध्यात बसवायचा, पुन्हा तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, उभा करायचा. विश्रामबागवाडा १८०७ चा आहे आणि अजून उभा आहे. पण महापालिकेची निविदा निघते ती सर्वांत कमी दराची. खाच-कुसू, म्हणजे एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक बसवायचा सांधा, येणारा माणूस हवा, अशी अट का नसावी?

दीडखणी
असहमत. माझा जन्म दीड खणात झाला, म्हणजे दोन खांबांमधली जागा आणि वर तिची निम्मी. सहा माणसं, संडासासाठी अंगणात रांग, पावसाळ्यात कडीपाटातून, म्हणजे लाकडी छतातून, माती गळायची आणि आई ताटांवर ताटं झाकायची. जिन्याला टेकू लावला तो अकरा वर्षं 'तात्पुरता' होता. मालकाला भाडं मिळायचं चाळीस रुपये, तो कुठून खांब बदलणार? आणि आगीचं काय? शनिवारवाडा १८२८ मध्ये जळला तेव्हा दगडी तट तेवढा राहिला. ज्यांचे फ्लॅट झाले त्यांनाच कडीपाट सुंदर दिसतो.

औसेकर
आगीचं मान्य. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात आमच्या भागात लोक मेले ते लाकडानं नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या, वरून माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छताची, माती आली. जिथं आत खणाचा लाकडी सांगाडा नीट जोडलेला होता, तिथं भिंत पडूनही माळवद खांबांवर राहिल्याची उदाहरणं अभ्यासकांनी नोंदवली आहेत. पुनर्वसनात मात्र दगडाबरोबर लाकूडही बदनाम झालं. पोरं सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायला लागली.

दीडखणी
म्हणजे उदाहरणं 'काही'. माळवदाचं ओझं कोणी घातलं होतं, इंग्रजांनी?

औसेकर
ओझं चूक होतं, म्हणतोच आहे. सांधा चूक नव्हता.

रंधा
मी सुताराचा मुलगा, चाकणला कारखान्यात सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, आहे. 'विद्या जपा' हे सांगणाऱ्यांपैकी कोणी आपला मुलगा माझ्या वडिलांकडे शिकायला पाठवलेला नाही. जपायचं काम आमच्याच जातीनं का करायचं? २०२३ पासून विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात, चांगलंच आहे. पण आमच्या घरी आजोबांच्या पटाश्या अजून आहेत, वाकसही आहे. काम नाही. वडिलांनी शेवटची तुळई बसवली तेव्हा मी सातवीत होतो. नंतर प्लायवूड, सनमायका आणि मॉड्युलर किचन.

बर्फाळ
फ्रेंच सुतारांची लाकडी सांगाडा आखण्याची पद्धत युनेस्कोने २००९ मध्ये वारसा यादीत घेतली. २०१९ च्या आगीनंतर नोत्र दामचं छप्पर पुन्हा ओकचंच केलं, लाकडं कुऱ्हाडीने तासून, कारण तशी माणसं शिल्लक होती.

दीडखणी
आणि पैसे शिल्लक होते. आमच्या पेठेत गटार तुंबलंय.

पेठकर
दीडखणी, तुमच्या आईच्या ताटांपुढे माझ्याकडे उत्तर नाही. कोणी वाड्यात राहावं असं मी म्हणत नाही. पण जे वाडे, देवळांचे सभामंडप, कोकणातली घरं दुरुस्त होणारच आहेत, त्यांत कुजलेल्या खांबाला सिमेंटचं प्लास्टर मारतात. आत ओल अडकते नि वाळवीची सोय होते. तो पैसा तसाही खर्च होतो ना? आणि रंधा म्हणतात ते खरं. अट घालायची तर मजुरीचा दरही तसाच लावायला हवा, हे मी लिहायला हवं होतं.

दीडखणी
देवळांपुरतं ठीक. भाडेकरूंना मधे आणू नका.

रंधा
पेठकर, त्या मिस्त्रींचा नंबर इथे टाकू नका, व्यनि (खासगी निरोप) करा. वडिलांना गुडघ्यामुळे वर चढवत नाही, पण खाली बसून लाकडावर सूत मारून, म्हणजे कापायच्या रेघा आखून, देतील. रविवारी मला सुट्टी असते.