प्रतिसाद: फाइलच्या तारखा पायथनने परत बसवताना

दादा, रामकुंडावरचे २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो नव्या डिस्कवर टाकले आणि सगळ्यांवर आजचीच तारीख चढली, असं तुम्ही लिहिलंय. वर कुणीतरी ‘टच’ (फाइलची तारीख बदलणारी) कमांड सुचवलीये, पण हजारो फोटोंना वेगवेगळी वेळ द्यायची तर पायथनचं ओएस मॉड्यूलमधलं युटाइम फंक्शनच बरं.

त्याला फाइलचा पत्ता आणि दोन वेळांची जोडी द्यायची: आधी फाइल उघडल्याची, मग बदलल्याची. क्रम उलटला तर एररसुद्धा येत नाही, म्हणून नीट बघा. वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ).

खरी गोची इथे आहे. ही वेळ घ्यायची ती एक्झिफमधून, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच लिहितो त्या माहितीतून. तिथली वेळ नाशिकची असते, पण जुन्या कॅमेऱ्यांत टाइमझोनची नोंद बहुधा नसतेच. स्क्रिप्ट यूटीसीवरच्या सर्व्हरवर चालवलीत, तर तीच वेळ यूटीसी धरली जाते आणि २९ ऑगस्टच्या शाही स्नानाचा सकाळी ६ चा फोटो घरच्या लॅपटॉपवर ११:३० चा दिसेल. त्यामुळे झोनइन्फो हे पायथनचं टाइमझोनचं मॉड्यूल वापरून ‘एशिया/कोलकाता’ स्पष्ट सांगा, मगच टाइमस्टॅम्प (वर सांगितलेले सेकंद) काढा.

लिनक्सवर सीटाइम (फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ) मात्र युटाइमने मागे नेता येत नाही, उलट युटाइम चालवाल त्याच क्षणाची होते. तिच्या मागे लागू नका.

आणि पुढच्या वेळी कॉपीच पायथनच्या शटिल मॉड्यूलमधल्या कॉपी२ फंक्शनने करा. साध्या कॉपीत बदलाची वेळ टिकत नाही, यात टिकते. जुनी डिस्क अजून जवळ असेल तर एक्झिफच्या भानगडीत न पडता तिथूनच वेळा उचला. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत एक्झिफ बहुतेक उरलेलंच नसतं, त्यांना तोच आधार.